मेलेला राजा आणि पांढरी कार

आमच्या नाटकात राजा मरतो. यावेळी मेल्यावर तो खणखणीत आवाजात म्हणाला, "एमएच एकतीस, पांढऱ्या कारवाले पाहुणे, गाडी गेटसमोरून काढा!"

शेजारच्या लॉनवर लग्न होतं आणि त्यांचा कॉर्डलेस माईक नेमका आमच्या नटांच्या बिनतारी कॉलर माईकच्याच फ्रिक्वेन्सीवर. अशा माईकचा आवाज पकडणारा एफएम रिसिव्हर दोन सिग्नलांत जोरकस असेल त्याचंच ऐकतो, दुसऱ्याला साफ गप्प करतो. राजा पडला तो कमरेच्या ट्रान्समीटरवर उताणा. त्याचा सिग्नल ऐंशी किलोंखाली दबला, लग्नाचा जिंकला.

"ही फ्रिक्वेन्सी कायदेशीर तरी आहे का हो?" मी साउंडवाल्याला विचारलं.

"सर, लाउडस्पीकरची पोलीस परमिशन हाय न? त्यातच आलं सारं."

त्यात काहीच येत नाही. पोलिसांची परवानगी आवाजाची. रेडिओलहरींचा कारभार दिल्लीच्या दूरसंचार विभागाकडे. कायद्याच्या लेखी कॉलर माईक म्हणजे चक्क बिनतारी यंत्र. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा, त्यावर २०२३ चा दूरसंचार कायदा. एवढा फौजफाटा, आणि समोर माईकची वायर सर्जिकल टेपने गालाला चिकटवून बसलेला आमचा प्रधान!

तेवढ्यात न्यू जर्सीच्या भाच्याने माईकचा जुना सेट पाठवला. "मामा, फार स्वस्तात मिळाला." मिळणारच! सेट ७०० मेगाहर्ट्झचा. तिकडे १२ जून २०१० पासून त्या पट्ट्यात माईक वापरायला बंदी. इकडे २०२२ च्या लिलावात त्याच पट्ट्यातला हिस्सा फाईव्ह-जीसाठी विकला गेला. म्हणजे भाच्याने दोन्ही देशांत बेकायदा ठरेल अशी भेट मोठ्या प्रेमाने पाठवली होती. तिचं कस्टम मीच भरलं.

परवाना न लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे म्हणून तसला सेट भाड्याने आणला. रिकाम्या हॉलमध्ये तालीम झकास झाली. प्रयोगाला प्रेक्षक आले आणि सोबत त्यांचे मोबाईल, आणि मोबाईलमधलं वाय-फाय, ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. प्रधानाचं स्वगत तुटक तुटक ऐकू यायला लागलं. गर्दी जितकी जास्त, तितका आवाज कमी. आमच्यासारख्या हौशी संस्थेला ही अडचण एरवी येत नाही.

शेवटी साउंडवाल्यानेच तोडगा काढला. वरून वायरचे दोन माईक टांगायचे.

"फक्त राजाला सांगा सर, मरायचं तर मधात येऊन मर. कोपऱ्यात मेला तर ऐकू नाही येत."

राजाला हे पटलं. राणीला मात्र मधली जागा सोडायची नाहीये.