ती खूण आधी काढा!

'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'. विंडोजच्या माउस-सेटिंगमधली ही एक टिकची खूण. नाव वाचून वाटावं, अचूकपणा वाढवणारी सोय आहे. विंडोजच्या नव्या संगणकावर ही खूण आधीच केलेली येते आणि अचूकपणाचा सत्यानाश तीच करते! माउस पाच सेंटिमीटर सावकाश सरकवा, बाण एका जागी थांबतो. तेच पाच सेंटिमीटर झटक्यात सरकवा, बाण भलतीकडेच. हाताला सवय लागायची तरी कशाची? फोंड्यात जत्रेच्या नाटकाची हस्तपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला चौकट केसभर हलवायची असते, ती बोटभर पुढे जाते. मग दोष माउसला, आणि दुकानदार जास्त डीपीआयचा महागडा माउस गळ्यात मारतो.

संताप येतो तो याचा! माउस एक इंच सरकला की संगणकाला सरकल्याच्या किती मोजण्या पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. खोक्यावर 16000 छापले म्हणून बाण नेमका पडत नाही. 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्याला 800 पुरतात, मोठ्याला 1600.

कंट्रोल पॅनेल, माउस, पॉइंटर ऑप्शन्स. तिथली खूण काढा. वेगाच्या पट्टीला अकरा खाचा असतात, ती मधल्या सहाव्या खाचेवर ठेवा. तिथेच एका मोजणीला एक पिक्सेल मिळतो. पुढे ढकलली की बाण मधले पिक्सेल गाळत उड्या मारतो. संथ वाटलं तर डीपीआय वाढवा, पट्टीला हात लावू नका. मग फूटपट्टीच्या कडेने माउस 5 सेंटिमीटर सावकाश न्या आणि झटक्यात परत आणा. 800 डीपीआयवर बाण साधारण 1575 पिक्सेल जाऊन जवळपास निघाल्या जागी यायला हवा. खूण काढूनही येत नसेल, तर टेबलाकडे बघा.

टेबलावर काय असतं? काच! पणजीपासून काणकोणपर्यंत कचेऱ्यांत तेच, काच आणि तिच्याखाली कॅलेंडर, फोन नंबरांची यादी. माउसच्या पोटात चिमुकला कॅमेरा असतो. पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेऊन बारीक खरखर किती सरकली ते तो ताडतो. स्वच्छ काचेला खरखर नाही, खालचं कॅलेंडर फोकसच्या पलीकडे. बाण थरथरणार नाही तर काय करणार? काचेवर साधा कोरा कागद चिकटवला तरी भागतं, पण तेवढंही कुणी सांगत नाही.

कापडी पॅड पावसाळ्यात दमट होतं, माउस जड चालतो. आपल्या हवेत कडक प्लास्टिकचं पॅड बरं. माउसच्या पायांना चिकटलेला मळही अधूनमधून खरवडा.

आणि एकदा दाबलं की दोनदा लागणारं ते बटण! फाइल ओढताना मध्येच सुटते, एका क्लिकला फोल्डर उघडतो. दमट हवेत स्विचच्या पात्यावर गंज धरतो आणि आतून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की तो थर जळून जात नाही. डबल-क्लिकचा वेग बदलून हे बरं होत नाही. तीन पायांचा छोटा स्विच असतो, सोल्डर वितळवून काढायचा, नवा बसवायचा. पण दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं: नवाच घ्या. माउस उघडूनसुद्धा बघत नाहीत!