पोलिसांना पैसा द्या, पण दरवर्षी द्या

गुन्हे वाढल्याची ओरड झाली की सरकारं नव्या गाड्या आणि नवे कॅमेरे जाहीर करतात. त्यांचा फोटो छान येतो. गल्लीबोळात पायी फिरणाऱ्या शिपायासाठी मात्र निधी नसतो. याची मला खरंच चीड येते, कारण गुन्हे कशाने कमी होतात याचे चांगले पुरावे आपल्यासमोर आहेत.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ साली प्रयोग म्हणून काही बीटमधली (पोलिसांच्या गस्तीच्या हद्दींमधली) गाडीची नेहमीची गस्त बंद ठेवली, काही ठिकाणी दुप्पट-तिप्पट केली, काही ठिकाणी होती तशीच राहू दिली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही. रहिवाशांना तर बदल झालाय हेही फारसं कळलं नाही!

आता अमेरिकेतलंच फिलाडेल्फिया बघा. २००९च्या उन्हाळ्यात सर्वाधिक हिंसाचाराच्या ६० छोट्या भागांत नवे शिपाई जोडीजोडीने पायी फिरवले. तशाच पण पायी गस्त नसलेल्या भागांच्या तुलनेत हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. पायी फिरणाऱ्याला कोपऱ्यावर कोण टोळकं जमवतं, कुठल्या घरातून रात्री आरडाओरडा येतो, कुठला दिवा बंद पडलाय, हे दिसतं. गाडीच्या काचेतून ते दिसत नाही. पुढे ती गस्त संपली आणि फायदाही ओसरला. येरे माझ्या मागल्या!

बॉस्टनमध्येही तेच. १९९६ मध्ये पोलीस, समाजसेवक आणि चर्चची मंडळी टोळ्यांतल्या पोरांना समोर बसवून सांगू लागली: गोळी चालली तर अख्ख्या टोळीवर कारवाई, आणि बाहेर पडायचं असेल तर मदत आम्ही करू. तरुणांचे खून निम्म्याहून खाली आले. २००० साली उपक्रम गुंडाळला, खून पुन्हा वाढले.

म्हणून माझं म्हणणं, निधी सलग हवा. गुन्ह्यांच्या आकड्यावरच पैसे वाटले तर ज्या ठाण्याने गुन्हे कमी केले त्याच्याच वाट्याला कात्री येते. हा कुठला न्याय? चांगलं काम केलेल्या ठाण्याची माणसं आणि पैसे निदान काही वर्षं तरी हलवू नयेत.

कॅमेरे नकोतच असं नाही. वाहनतळांवर त्यांनी चोऱ्या कमी होतात, मारामाऱ्यांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. तेव्हा वाहनतळांवर जरूर बसवा, आणि देखभालीचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरा.