दहा गाण्यांची उतरंड

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच जणांची श्रवणबैठक भरते. बैठकीचे नियम बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी केलेले असल्यामुळे ते करणाऱ्याला सोयीचे आणि पाळणाऱ्याला जाचक आहेत. ज्याची पाळी असेल त्याने एकच विषय घ्यायचा, त्यातली आपल्या आवडीची दहा गाणी निवडायची, त्यांना क्रमांक द्यायचे आणि दहाव्यापासून सुरुवात करून पहिल्यापर्यंत सगळी चाळीस मिनिटांत ऐकवायची. चाळीस मिनिटांचे कारण एवढेच, की त्यानंतर त्याच दिवाणखान्यात स्नेह्यांच्या सूनबाईंचा गणिताचा क्लास भरतो आणि गणिताची मुले संगीतासाठी खोळंबत नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात 'स्टॅक्स' हा विषय जाहीर केला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराची ही रेकॉर्ड कंपनी. बोटीवर नोकरीला असलेला माझा एक मावसभाऊ फार वर्षांपूर्वी ओटिस रेडिंग या गायकाची एक कॅसेट आमच्या घरी विसरून गेला, ती मी त्याला परत केली नाही, आणि त्या अप्रामाणिकपणातून सोल संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या भावभऱ्या गाण्यांचा, हा नाद मला लागला. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर दहा गाणी काढणे म्हणजे पंधरा मिनिटांचे काम, असे मला वाटले होते. ते काम चार आठवडे चालले आणि त्या काळात मी घरातल्या माणसांशी नीट बोललो नाही, असे घरातली माणसे सांगतात.

पहिल्या फेरीत एकसष्ट गाणी झाली. ती चाळून चाळून एकोणतीसवर आणली तेव्हा, स्टॅक्सची गाणी कोणती हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे माझ्या ध्यानात आले. मी भाबडेपणाने ही अडचण बँकवाल्या स्नेह्यांच्या कानावर घातली. त्यांनी दोन दिवस इंटरनेटवर वाचन केले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मला गाठले.

"अहो, तुमचा तो ओटिस रेडिंग स्टॅक्सचा नाहीच," ते म्हणाले. "त्याच्या तबकड्या 'व्होल्ट' या नावाने निघाल्या आहेत."

व्होल्ट ही स्टॅक्सचीच शाखा होती, हे मी त्यांना सांगितले.

"शाखा म्हणजे मुख्य कार्यालय नव्हे," असे ज्या सुरात ते म्हणाले, त्यावरून त्यांची तीस वर्षांची नोकरी शाखेतच गेली असावी, हे मला कळले.

त्यांचे म्हणणे मानले तर 'ग्रीन अनियन्स'चे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. 1962 साली हे वाद्यसंगीत पहिल्यांदा निघाले तेच मुळी व्होल्टच्या तबकडीवर, तेही मागच्या बाजूला. स्टुडिओत एका गायकाच्या निमित्ताने जमलेली वादक मंडळी मोकळ्या वेळात वाजवत बसली होती, मालकांनी ते ध्वनिमुद्रित केले, पुढच्या बाजूला एक गाणे ठरले आणि मागची बाजू रिकामी कशी ठेवायची म्हणून हे दुसरे वाजवले गेले. लोकांनी तबकडी उलटून मागचीच बाजू उचलून धरली. मग ते पुन्हा स्टॅक्सच्या नावाने, पुढच्या बाजूला बढती देऊन काढण्यात आले. ऑर्गन वाजवणारा बुकर टी. जोन्स तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतराव्या वर्षी मी अकरावीच्या भौतिकशास्त्रात नापास झालो होतो, पण तो विषय वेगळा.

उलट बाजूने पाहिले तरी पेच सुटत नाही. विल्सन पिकेट या गायकाचे 'इन द मिडनाइट अवर' 1965 साली स्टॅक्सच्याच स्टुडिओत, स्टॅक्सच्याच वादकांनी वाजवले, ते लिहिण्यात स्टॅक्सच्याच स्टीव्ह क्रॉपर या गिटारवादकाचा हात होता, पण तबकडीवर नाव मात्र अटलांटिक कंपनीचे. सॅम आणि डेव्ह या गायकजोडीचा करार अटलांटिकशी, पण त्यांची गाणी निघाली स्टॅक्सच्या नावावर, कारण अटलांटिकने त्यांना जणू उसने दिले होते. म्हणजे एकीकडे सून माहेरच्या नावाने ओळखली जाते आणि दुसरीकडे घरजावई सासरच्या आडनावाने मिरवतो आहे. हा घोळ पुढे कंपनीला महागात पडला. 1968 मध्ये अटलांटिकशी असलेले संबंध तुटले तेव्हा करारातल्या एका कलमामुळे तोवर अटलांटिकने वितरित केलेल्या गाण्यांची मूळ मालकी अटलांटिककडे गेली, आणि उसने दिलेले सॅम आणि डेव्हही परत गेले. कागद नीट न वाचता सही केल्याचा हा परिणाम ऐकून बँकवाले स्नेही इतके व्यथित झाले, की त्यांनी ओटिस रेडिंगला स्टॅक्समध्ये घेण्यास तत्काळ परवानगी दिली.

त्यांच्या सहानुभूतीचे खरे कारण मला नंतर कळले. स्टॅक्स ही कंपनी जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल ॲक्सटन या भावाबहिणींची. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून 1961 साली हे नाव झाले. त्याआधी कंपनी 'सॅटेलाइट' होती. महत्त्वाची बाब अशी, की दोघेही बँकेत नोकरीला होते. भाऊ फावल्या वेळात फिडल वाजवायचा, बहिणीने ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेण्यासाठी आपले घर गहाण टाकले. मॅकलेमोर अव्हेन्यूवरचे बंद पडलेले एक चित्रपटगृह त्यांनी भाड्याने घेतले, खुर्च्या उखडल्या आणि तिथे स्टुडिओ थाटला. प्रेक्षागृहाची उतरती जमीन समतल करण्याइतके पैसे नव्हते म्हणून ती तशीच राहिली आणि त्या उताराचा आवाजावर काही वेगळाच परिणाम झाला, असे जाणकार सांगतात. दाराशी पूर्वी जिथे खाऊ विकत असत, तिथे बाईंनी तबकड्यांचे दुकान काढले. नवे गाणे तयार झाले की आधी या दुकानात वाजवायचे आणि गल्लीतली पोरे थांबतात की पुढे जातात ते पाहायचे, अशी त्यांची परीक्षा होती. मला दहा गाणी निवडायला चार आठवडे लागत होते आणि या बाई गल्ल्यावर बसून तीन मिनिटांत निकाल देत होत्या.

मग मीही तीच परीक्षा घरात घ्यायचे ठरवले. स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला आणि कोणाचा हात थांबतो, कोणाची मान हलते, याची वहीत नोंद ठेवू लागलो. 'सोल मॅन'ला मुलाने फोनवरून नजर वर केली, हे मी अर्धा गुण धरले. 'आय विल टेक यू देअर' लावल्यावर कामाला येणाऱ्या मावशींनी फरशी त्या बासच्या लयीत पुसली, त्याचे पूर्ण दोन गुण. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' मात्र फसले. त्या गाण्यात ड्रमवादक अल जॅक्सन बराच वेळ घड्याळाच्या टिकटिकीसारखा हलका ठोका देत राहतो आणि मग सगळे वादक मिळून जो धडाका उडवतात, त्या क्षणी माझ्या आईने "बाहेर कोणाची मोटार आपटली?" असे विचारले.

खरा अपघात 'सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे'ने केला. हे गाणे ओटिस रेडिंगने 1967 च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित केले, डिसेंबरच्या 7 तारखेला त्यात काही भर घातली आणि 10 डिसेंबरला त्याचे विमान विस्कॉन्सिनमधल्या एका गोठत्या तळ्यात कोसळले. वय 26. सोबतच्या बार-केज या वाद्यवृंदातली चार मुलेही गेली. गाणे जानेवारीत बाहेर आले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले ठरले. गायकाच्या मृत्यूनंतर तिथे पहिल्या जागी पोचलेले ते पहिलेच गाणे. शेवटी तो शीळ घालत निघून जातो. तिथे काय म्हणायचे ते ठरले नव्हते म्हणून त्याने शीळ घातली, असे सांगतात. मी हे गाणे डोळे मिटून ऐकत होतो आणि आत कुकरमध्ये तुरीची डाळ होती. सौभाग्यवतींनी दोन शिट्ट्या मोजल्या होत्या. तिसरी ओटिसची धरली आणि गॅस बंद केला. त्या रात्री आम्ही जे वरण खाल्ले त्याला वरण म्हणणे धाडसाचे ठरेल.

"अहो, त्या माणसाला शीळ घालायची तर जेवणानंतर घालायला सांगा," असे मला सुनावण्यात आले, आणि पहिल्या क्रमांकाचा हा हुकमी उमेदवार काही दिवस घरात लावता येईना.

आता तटस्थपणे विचार करायचा म्हणून मी गाणी घराबाहेर ऐकू लागलो, तर क्रमांक वेळेनुसार बदलतात असे दिसले. सकाळी बागेत फेऱ्या मारताना 'नॉक ऑन वूड' निर्विवाद पहिले असे. एडी फ्लॉइड आणि क्रॉपर यांनी ते लॉरेन मोटेलच्या खोलीत, बाहेर वादळ चालू असताना लिहिले, म्हणून त्यात ढगही गडगडतात आणि वीजही चमकते. गोरे आणि काळे एकत्र बसू शकतील अशा जागा त्या शहरात फार नव्हत्या. लॉरेन ही त्यांतली एक होती. तिच्याच बाल्कनीत 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. हे आठवले की फेरी मंदावते आणि गाणे आपोआप चौथ्या क्रमांकावर सरकते, कारण त्यानंतर त्याच्या उत्साहाला दाद देणे जड जाते. दुपारी विल्यम बेलचे 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' वर येते. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा दुपारी पाणी जाते, त्यामुळे विहीर आटेपर्यंत पाण्याची किंमत कळत नाही, हे त्यातले म्हणणे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. रात्री 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग'पुढे बाकी अठ्ठावीस गाणी मुकाट्याने माना खाली घालतात.

'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग'ची स्थिती तर फारच नाजूक होती. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर ही गीतकारांची जोडी. एकदा गाणे सुचेना म्हणून सगळे ताटकळले असताना पोर्टर शौचालयात जाऊन बसला, हेज बाहेरून हाका मारू लागला, आणि आतून "थांब, आलो" या अर्थाचे जे उत्तर आले, तेच गाण्याचे ध्रुपद झाले. काही रेडिओ केंद्रांना त्या शब्दांत भलताच अर्थ दिसला, तेव्हा पुढे नावात थोडा फेरफार करावा लागला. शौचालयाचा अर्थ मात्र कोणालाच दिसला नाही. हे गाणे माझ्या वहीत तिसरे होते. पण चार सुसंस्कृत वृद्धांपुढे त्याची जन्मकथा सांगायची कशी, हे न सुचल्यामुळे मी ते सातवे केले, मग लाज वाटून पाचवे केले. उतरंडीतले एक मडके हलवले की वरची सगळी हलतात, आणि मी तर रोज रात्री तळाचेच मडके काढून पाहत होतो.

शेवटच्या शनिवारी रात्री साडेअकराला नऊ क्रमांक कसेबसे शाईने लिहिले. पहिल्यापुढची जागा सकाळी भरू म्हणून कोरी ठेवली. दहाव्या जागी आयझॅक हेजचे 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' घातले. लग्नात ज्या काकांना बोलवावेच लागते पण पहिल्या पंगतीला बसवायची छाती होत नाही, तशी त्या गाण्याची जागा होती. जुनी गाणी अटलांटिककडे गेल्यावर 1969 साली स्टॅक्सने एका झपाट्यात पंचविसाहून जास्त अल्बम बाजारात आणले, आणि त्या गर्दीत हेजला मनासारखे काहीही करण्याची मुभा मिळाली. त्याने अख्ख्या अल्बमात फक्त चार गाणी घातली. हे त्यातले चौथे.

रविवारी बैठक भरली. मागील बैठकीचे इतिवृत्त वाचण्यात आणि चहात नऊ मिनिटे गेली. दोन मिनिटे मी प्रास्ताविक केले आणि दहावे गाणे लावले. लावल्यावर मला आठवले, की ते साडेअठरा मिनिटांहून मोठे आहे. त्यातली पहिली आठ मिनिटे हेज गात नाही, बोलतो. मागे ऑर्गनचा एकच सूर तंबोऱ्यासारखा धरलेला, झांजेवर टकटक टकटक, आणि एक नवरा घर सोडून का निघाला याची सविस्तर हकीगत. तिसऱ्या मिनिटाला एका सदस्यांनी, गाणे कधी सुरू होणार, असे हळूच विचारले. शास्त्रीय संगीताच्या जाणकारांनी त्यांना डोळ्यांनी दटावले आणि "विलंबित आहे," असे सांगितले. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. सहाव्या मिनिटाला दोघांचे डोळे मिटले होते, त्यांतले एक रसिकतेने. शेवटी हेज गाऊ लागला, भोवती तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये चढत गेली, तेव्हा बँकवाले स्नेही पुढे सरकून बसले आणि गाणे संपल्यावर म्हणाले, "म्हणजे तो खरोखरच गेला!"

नववे 'टाइम इज टाइट' होते. त्याचे नाव मी मुद्दाम सांगितले नाही. ते अर्ध्यावर आले असताना दाराबाहेर चपलांचा ढीग वाढू लागला आणि दोन मुली भूमितीची वही हातात धरून आत डोकावल्या.

बँकवाल्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, घडीही न उलगडता इतिवृत्ताच्या वहीला टाचणीने लावला आणि उभ्या-उभ्याच नोंद केली: 'दहावा व नववा क्रमांक ऐकण्यात आले. उर्वरित आठ क्रमांक वेळेअभावी एकमताने मंजूर.' आम्ही पाचही जणांनी खाली सह्या केल्या. पहिल्यापुढची जागा सकाळी भरायची राहून गेली होती, आणि सही करण्यापूर्वी कागद वाचायला मुलींनी वेळ दिला नाही.