मधली खुर्ची

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच धोशा लागला आहे: मोबाईल बंद करा. १ मेच्या ग्रामसभेत ठराव आणायचा आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात फोन दिसला की त्याच्या बापाला दंड ठोकायचा, असं ठरतंय. ठरावाच्या बाजूने माझा चुलतभाऊ आहे, माजी सरपंच आहेत, आणि रोज पहाटे गुलाबाच्या फोटोवर ‘शुभ प्रभात’ पाठवून माझी झोपमोड करणारी समस्त ज्येष्ठ मंडळी आहेत. मी हॅम्बुर्गात बसून हे वाचतो आणि डोकं फिरवून घेतो.

हे सगळं रामायण एका पोट्ट्यामुळे. नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात ज्याच्याकडे फोन आहे, त्याला ते सांगायची गरजही नाही. तालुक्याच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हिडिओ काढतो. सुरुवात खरंच झकास होती. आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, नातू तिला उगाच छेडतोय आणि ती अस्सल वऱ्हाडीत त्याची सात पिढ्यांसकट आरती करतेय. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या गंजलेल्या रुळांवर बसून गाडीची वाट बघणारा म्हातारा त्याने केला होता, तो तर मी इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना दाखवला. कुठे शिकला नाही, कोणी शिकवलं नाही. पण कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

मग एक लाख सबस्क्रायबर झाले आणि यूट्यूबचं चांदीचं बटण कुरिअरने घरी आलं. गावाने डीजे लावून त्या बटणाची मिरवणूक काढली. एसटी स्टँडवर गॉगल घातलेला फ्लेक्स लागला, त्याच्या कोपऱ्यात आमदारकीची स्वप्नं बघणाऱ्या एका भाऊंचा हात जोडलेला फोटो. पुढच्या वाढदिवसाला पोट्ट्याने तलवारीने केक कापला. कॅमेरा धरणारा मित्र गेला, विनोद सुचवणारा त्याच्या मागोमाग गेला. ‘माझ्यामुळे तुम्हाले लोक ओयखतात’ असं त्यांना तोंडावर ऐकवलं म्हणे. हजेरी विचारणाऱ्या सरांचा व्हिडिओ काढून टाकला. स्वतःबद्दल बोलताना चॅनलचं नाव घेऊ लागला, म्हणजे ‘मला भूक लागली’ऐवजी अमुक-तमुक चॅनलला भूक लागायला लागली.

तोवर ग्रुपवर सगळे टाळ्याच पिटत होते. बिनसलं ते २६ जानेवारीला. शाळेने त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. झेंडा फडकवून झाला, पोरं उन्हात बसली, हा तासभर उशिरा आला. मंचावर मधल्या खुर्चीवर सरपंचबाई होत्या. याला बाजूची खुर्ची दिली तर म्हणाला, ‘मी कडेला बसत नसतो,’ आणि फोन समोर धरून, स्वतःचं शूटिंग करत, फाटकाबाहेर निघून गेला. त्या दिवसापासून ‘थो पोट्टा लय माजला’ आणि ‘मोबाईलनं पिढी नासवली’.

आता माझा पहिला प्रश्न: पोट्टा वीस वर्षांचा आहे. अठराखालच्यांना बंदी घालून त्याचं काय वाकडं होणार? त्याची शिक्षा सातवी-आठवीतल्या पोरींना कशासाठी? हे मी ग्रुपवर विचारलं तर उत्तरादाखल शेजारच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाची बातमी आली. तिथल्या ग्रामसभेने २०२२ च्या नोव्हेंबरात असाच ठराव केला होता. ठीक आहे, त्यांना त्यांच्या शाळकरी पोरांची काळजी वाटली, त्यांनी केला. आपल्याला तर शाळकरी पोराने त्रास दिलेलाच नाही. मग एका निवृत्त गुरुजींनी ऑस्ट्रेलिया काढला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची सोशल मीडियावरची खाती बंद केली, हे खरं. पण तिथला दंड बापाला नाही, कंपनीला आहे आणि तो जवळपास ५ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आमचा ठराव कंपनीला हातही लावत नाही. गावातला जो कोणी दोनशे-पाचशे रुपये भरू शकत नाही, नेमकी त्याची पावती फाडतो. गुरुजींनी यावर फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

खरा संताप मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि ती गोष्ट अख्ख्या ग्रुपवर एकाने काढलेली नाही.

डिसेंबरात त्याचा एक व्हिडिओ आला. जिनिंगच्या आवारात सरकारी कापूस खरेदी चालली आहे. आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धुरा असलेले काका पिकअपमध्ये कापूस घेऊन आलेत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, बाहेर व्यापारी त्याच्या बराच खाली मागतोय, त्यामुळे केंद्रावर माल लागणं म्हणजे वर्षाचा हिशेब लागणं. ओलावा मोजायचं यंत्र ढिगात खुपसलं जातं. बारा टक्क्यांवर आकडा गेला की माल परत, आणि आकडा वर गेलेला आहे. काका वाकतात, ढिगाच्या आतून मूठभर कापूस काढतात, बोटांनी उकलतात, आणि समोरच्या पोरसवदा माणसाला पटावं म्हणून तो स्वतःच्या गालावर घासून दाखवतात. बघा साहेब, कोरडा आहे. मग दुसऱ्या गालावर. मग हात जोडतात. या सगळ्यावर आमच्या कलाकाराने गाढवाचं ओरडणं आणि हसण्याचा आवाज टाकला होता आणि वर लिहिलं होतं: ‘ओला काका’.

लाखो लोकांनी बघितला. ग्रुपवरही आला, खाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग. त्यात माझ्या चुलतभावाचं तोंड होतं आणि गुरुजींचंही. आज गावातली बारकी पोरं काकांना ‘ओला काका’ म्हणतात. संध्याकाळी पानठेल्यावर खर्रा घोटत बसायची त्यांची जुनी सवय, ते आता तिकडे फिरकत नाहीत असं आई सांगते. कापूस दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला गेला.

तेव्हा ग्रामसभा बोलावली नाही कोणी. सरपंचबाईंची खुर्ची हलली तेव्हा बोलावली. पोट्ट्याचा माज काही २६ जानेवारीला उगवला नाही. तो गरिबावर, म्हाताऱ्यावर, मित्रांवर चालत होता तोवर आपण त्याला ‘गावाचं नाव काढलं’ म्हणत होतो. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा जन्म झाला, जे कोणाला पाया पडू देत नसत आणि कीर्तन संपलं की हार घालायला कोणाला सापडत नसत, त्या जिल्ह्याला लागून असलेले आपण. आणि वीस वर्षांच्या पोराला डीजेवर नाचवतो, वर त्याने जमिनीवर राहावं अशी अपेक्षा करतो.

इथे म्हणजे जर्मनीत असं होत नाही, हे वाक्य लिहिताना मला ग्रुपवरचे चेहरे दिसतात. तरी लिहितो. नोव्हेंबरात मुलीच्या किटातून, म्हणजे बालवाडीतून, लाटेर्ने म्हणजे कंदील घेऊन आम्ही सगळे अंधारात गाणी म्हणत निघालो, तेव्हा तिच्या बाईंनी पहिलं वाक्य ‘मोईन’, म्हणजे इकडचा नमस्कार, आणि दुसरं ‘फोन खिशात’ असं म्हटलं. एका बापाने तरी काढला, तर शेजारच्या आईने शांतपणे त्याला तो फोटो पुसायला लावला. त्यानेही पुसला. तमाशा नाही, भाषण नाही.

यामागे कायदा आहे आणि त्या कायद्यामागे एक मढं आहे. १८९८ च्या जुलैत जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला, इथून जवळच, फ्रीडरिक्सरूला. मी तिथे जाऊन आलो आहे. आउम्युलेपर्यंत एस-बान, म्हणजे इथली लोकल, आणि पुढे जंगलातून पायी. त्या रात्री दोन फोटोग्राफर पैसे चारून, खिडकीतून आत घुसले आणि गादीवर पडलेल्या प्रेताचा फोटो काढून पसार झाले. फोटो विकायचा होता. कुटुंब कोर्टात गेलं, तर न्यायाधीशांच्या लक्षात आलं की माणसाच्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, याचा धड कायदाच नाही. १९०७ मध्ये तो झाला. माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवायचं नाही, आणि तो मेल्यावरही दहा वर्षं घरच्यांना विचारायचं. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मोबाईल सोडा, रेडिओही घराघरात नव्हता तेव्हाची गोष्ट. ऑटोबानवर अपघात झाला की गाड्या हळू करून शूटिंग करणारे महाभाग इथेही आहेत, पोलीस त्यांच्यासाठी पडदे घेऊन फिरतात. ते मला सांगू नका, मला माहीत आहे. मुद्दा असा की हात कुठे आखडायचा हे इथे ठरलेलं आहे. आपल्याकडेही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो हक्क दिल्लीहून निघाला आहे, जिनिंगच्या फाटकापर्यंत अजून पोचलेला नाही.

हे एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं, थोडं आटोपशीर करून. उत्तर एका ओळीचं आलं: ‘भाऊ, तुमाले तिकडं बसून काय समजते? तुमचं नाव हाय का यादीत?’

नाही. ग्रामसभेत बोलायला मतदार यादीत नाव लागतं आणि माझं कधीतरी कटलं. परदेशातल्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः हजर राहावं लागतं. बरं, ते नोंदवून तरी काय? माझ्या टेबलाच्या खणात इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरून पडला आहे. जून २०२४ पासून जर्मनी म्हणते, जुना पासपोर्ट ठेवा, आमची हरकत नाही. हरकत भारताची आहे. तिकडचं नागरिकत्व सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयाचं कार्ड, घेतलं तर मत गेलं आणि शेतजमीन विकत घेणंही गेलं. वारशाने आली तर आली. सातबाऱ्यावर बाबांचं नाव आहे. त्या अर्जावर सही तेवढी राहिली आहे, आणि बायकोने त्याबद्दल विचारणं आता सोडून दिलं आहे.

आणि आता सांगतोच. ती मधली खुर्ची आधी माझी होती. सुट्टीत गावी गेलो आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ असला की शाळेतून बोलावणं यायचं. ‘आपल्या गावचे जर्मनीवाले’ म्हणून शाल-श्रीफळ, आणि मी शिस्त व वेळ या विषयावर लांबलचक बोलायचो. पोरं तेव्हाही उन्हातच बसलेली असायची. या पोट्ट्याला बोलावल्याचं कळलं तेव्हा मला जे वाटलं, त्याला आनंद म्हणत नाहीत. आता नागपूरच्या विमानतळावर गाडीवाला विचारतो, ‘म्हणजे तुम्ही त्या यूट्यूबवाल्याच्या गावचे?’ मी हो म्हणतो. खिडकीबाहेर बघतो.

त्याचे व्हिडिओ मी अजून बघतो, एकही सोडत नाही. पुष्कळदा त्याच्याकडे बघतच नाही, मागे बघतो. आमच्या घराची भिंत दिसते, तिचा पोपडा गेल्या पावसाळ्यापेक्षा मोठा झाला आहे. काकू घागर घेऊन जाताना दिसली एकदा. त्या काकूला तरी कुठे विचारलं होतं त्याने? पण ती दिसली म्हणून मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. आणि माझी मुलगी, जी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, ती त्याच्या आजीच्या शिव्या ऐकून पोट धरून हसते. परवा बस चुकली तर म्हणाली, ‘काहून बे?’ हे मी तिला शिकवलेलं नाही. बायकोच्या मते हे शिकवण्यासारखंही नाही.

तर फोनबंदी वगैरे राहू द्या. ठराव करायचाच असेल तर असा करा: कोणाचंही दुःख, भांडण, आजारपण, मयत विचारल्याशिवाय काढायचं नाही, आणि काढलं असेल तर ज्याचं आहे त्याच्या दारी जाऊन पुसायचं. पोट्ट्याने काकांच्या घरी जावं, तो व्हिडिओ त्यांच्यासमोर काढून टाकावा. आणि ज्यांनी खाली हसणारी तोंडं टाकली त्यांनीही त्याच्यासोबत जावं, गुरुजींसकट. त्याच्याकडून सरपंचबाईंची माफी नंतर कधीही घेता येईल.

हा मजकूर मी चुलतभावाला पाठवला आणि म्हटलं, माझं नाव यादीत नाही, तू मांड. आधी कुरकुरला. बंदीच्या ठरावावर सह्या त्यानेच गोळा केल्या आहेत, त्याची पंचाईत होते. मग म्हणाला, बरं दादा, मांडतो. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, दिवाळीला येताना चांगल्या कॅमेऱ्याचा एखादा आयफोन आणता येईल का. त्याचा पोरगा अकरावीत गेला की त्याला लागणार आहे. मॉडेल, रंग आणि किती जीबीचा, सगळं त्याला तोंडपाठ होतं.