कालवा काढा, निचऱ्याचं नंतर बघू

देश गरीब आहे, खेडी ओस पडताहेत आणि तुमच्या हातात जेमतेम पाच वर्षं आहेत. घाबरू नका. नदी आहे ना? मग झालं. पाणी अडवा, कालवा काढा, नगदी पीक लावायला सांगा आणि निर्यातीचे आकडे छापून आणा. हा प्रयोग जगात इतक्या ठिकाणी होऊन गेलाय की यातली प्रत्येक चूक तुम्हाला आयती, आजमावलेली मिळेल.

पाहणी शक्य तितकी घाईत करा. टांगानिकात (आजच्या टांझानियात) ब्रिटिशांनी १९४६ साली ती नऊ आठवड्यांत उरकली आणि तीस लाख एकरांवर भुईमूग लावायचं ठरवलं. तिथल्या कोंग्वा भागाची चिकणमाती पाऊस ओसरला की विटेसारखी भाजून निघायची आणि शेंगा आतच अडकायच्या. जुने रणगाडे ट्रॅक्टर करून जुंपले, तरी भागलं नाही. १९५१ मध्ये साडेतीन कोटींहून जास्त पौंड बुडीत खाती टाकून गाशा गुंडाळावा लागला. तिथे तर पाटपाणीही नव्हतं. तुमच्याकडे पाणी आहे, म्हणजे नुकसान अधिक टिकाऊ करता येईल.

धरणाबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला आवडतंच. एवढंच पाहा की गाळ वाहून नेणारे तळाचे दरवाजे आराखड्यात नसावेत. चीनने पीत नदीवर सानमेनशियाचं धरण १९६० मध्ये पुरं केलं, तेव्हा तळाची दारं काँक्रीटने बुजवली होती. दोनच वर्षांत जलाशयात इतका गाळ साचला की पाणी साठवायचं धोरण बदलावं लागलं, आणि पुढे तीच दारं फोडून मोकळी करावी लागली. बांधायचा खर्च एकदा, फोडायचा दुसऱ्यांदा. ग्रामीण रोजगार याहून वेगळा काय असतो?

आता कालवा. लांबी भरपूर ठेवा, अस्तरीकरण, म्हणजे पाणी मुरू न देणारं आतलं आवरण, पुढच्या टप्प्यावर ढकला. दरवाजातून १०० भाग पाणी सोडलं, मुख्य कालव्यात आणि वितरिकांत २० मुरलं, चाऱ्यांमध्ये उरलेल्याचा चौथा हिस्सा गेला आणि शेतात मोकाट भिजवताना त्यातूनही उरलेल्याचे ४० टक्के, तर पिकाच्या मुळांना मिळतात ३६ भाग. अहवालात मात्र १०० भागच भिजवा. तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम कालव्याचं काम १९५४ साली सुरू झालं. अमू दर्याचं पाणी कापसासाठी वाळवंटातून हजार किलोमीटरहून लांब नेलं, तेही बहुतांश मातीच्या उघड्या पाटातून. अमू आणि सिर या दोन्ही नद्या शेतांत अशा वळवल्यावर अरल समुद्र आटत गेला. त्याच्या काठच्या मोयनाक बंदरातल्या बोटी आज वाळूवर उभ्या आहेत आणि पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात. पर्यटन हाही पूरक व्यवसायच.

वाया गेलेल्या ६४ भागांची काळजी करू नका. त्यातलं बरंचसं जमिनीखाली तुमचं काम करत असतं. साधा हिशेब आहे. मातीच्या पोकळीत साठायला दहा टक्के जागा धरली, तर दरवर्षी १०० मिलिमीटर जादा पाणी झिरपलं की भूजलपातळी मीटरभर वर येते. पाणी १५ मीटर खोल असेल तर दीड दशकात ते पिकाच्या मुळाशी. उद्घाटन करणारा तोवर निवृत्त झालेला असतो, हा या पद्धतीचा मोठाच गुण. पातळी दीड-दोन मीटरच्या आत आली की पाणी केशाकर्षणाने, मातीच्या बारीक पोकळ्यांतून, स्वतःच वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ तेवढं मागे ठेवतं.

मीठ आणायला वेगळी योजना लागत नाही. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी पुष्कळ नद्यांत असतं आणि ते पिण्याजोगंही असतं. वर्षाला १,००० मिलिमीटर दिलं, म्हणजे हेक्टरी १०,००० घनमीटर. त्यातून हेक्टरी पाच टन मीठ शेतात येतं, दरवर्षी, फुकट. ते बाहेर काढायचा मार्ग एकच: थोडं जादा पाणी देऊन क्षार मुळांखाली धुवायचे आणि ते पाणी चरांतून किंवा नळ्यांतून लाभक्षेत्राबाहेर न्यायचं. म्हणून अंदाजपत्रकात काटछाट आली की निचरा आधी कापा. कापलेला निचरा कोणाच्या नजरेस पडत नाही.

मातीतलं मीठ तिच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. ती एकच्या (डेसिसीमेन्स प्रति मीटर) पुढे गेली की घेवडा रुसतो, पावणेदोनला मका आणि ऊस कुरकुरतात, सहापर्यंत गहू तग धरतो, पावणेआठपर्यंत कापूस. खेड्यातून तक्रार आली तर पीक बदलायचा सल्ला द्या. दर चार-पाच वर्षांनी एक पायरी वर चढलात की शेतकऱ्याला वाटतं, आपण शेतीचं आधुनिकीकरण करतोय. कापसाच्या पुढे मात्र फार पायऱ्या नाहीत.

कोणी फारच मागे लागला तर जिप्सम वाटा. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हुसकावतं, हे खरं. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर तो तिथेच फिरत राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिप्सम वाटता येतं. भूमिगत निचरा घालावाच लागला, तर ८० ते १०० मिलिमीटरच्या सच्छिद्र नळ्या मीटर-दीड मीटर खोल टाका आणि भोवतीच्या गाळणवेष्टनाचा, म्हणजे रेती अडवणाऱ्या आवरणाचा, खर्च वाचवा. बारीक रेती दोन हंगामांत नळ्या भरून टाकेल. त्यांचं तोंड नाल्याच्या पूररेषेखाली काढा, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा निचरा हवा तेव्हाच, पाणी उलटं शेतात येईल. याहून सरस युक्ती कॅलिफोर्नियात झाली. तिथला सान लुईस निचरा कालवा समुद्राकडे न्यायचा होता, तो अर्ध्या वाटेवर केस्टरसनच्या जलाशयात संपवला. शेतांतलं सेलेनियम तिथे साठलं आणि १९८३ मध्ये पक्ष्यांची विकृत पिल्लं आढळली. शेतातलं मीठ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे निचरा नव्हे, असं काही जाणकार म्हणतात. त्यांना समितीवर घेऊ नका.

पाणीवाटप सोपं आहे. मोजमाप ठेवू नका. चारीच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवलं तर मुखाकडच्याने, म्हणजे पाणी आधी मिळणाऱ्याने, किती घेतलं ते कळतं आणि गावात वाद होतात. पाणीपट्टी पाण्यावर नको, एकरावर घ्या. एकदा पैसे भरले की रात्री-अपरात्री पाट फोडायची सर्वांना मुभा. सेकंदाला एक लिटर पाणी हेक्टरवर अखंड दिलं तर दिवसाला साडेआठ मिलिमीटर होतं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या बहुतेक पिकांना पुरून उरतं. मुखाकडे याच्या दुप्पट घेतात आणि शेपटाकडचा, चारीच्या शेवटचा, पाळीची वाट बघत बसतो. गंमत अशी की मुखाकडचा पाण्यात बुडून तोट्यात जातो आणि शेपटाकडचा पाण्यावाचून. दोघांनाही एकच कर्जमाफी लागू पडते.

ठिबकवर अनुदान जरूर द्या, ते फोटोत छान येतं. ताशी दोन-चार लिटरच्या तोट्यांची भोकं एखाद्या मिलिमीटरची असतात, म्हणून वाळूचा फिल्टर आणि त्यामागे १२० मेशची चकती लागते. अनुदानात संच बसवा, फिल्टर शेतकऱ्यावर सोडा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबमापक काढून घेतला तर तो कधी धुवायचा हेच कळत नाही. आणि वाचलेलं पाणी नदीत राहू देऊ नका, त्यावर नवं क्षेत्र लिहून घ्या.

शेवटी मूल्यमापन. ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ मोजा. प्रत्यक्षात भिजलेलं क्षेत्र परिशिष्टात ढकला. फ्रेंचांनी मालीत ‘ऑफिस द्यू निजेर’ १९३२ साली स्थापन केलं. आराखडा साडेनऊ लाख हेक्टरच्या आसपासचा होता, आणि १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा लाखभर हेक्टरही भिजत नव्हतं. आराखडा मात्र कागदावर पूर्ण होता. तुमच्याकडे कोणी शेपटाकडच्या गावांचा प्रश्न काढलाच, तर तिथे पाणी पोहोचवायला उपसा योजनेचा दुसरा टप्पा जाहीर करा. त्याच्या अंदाजपत्रकात पंपगृह, उद्घाटनाचा मंडप आणि जोडरस्ता तपशीलवार लिहा. निचऱ्यासाठी एक ओळ ठोक रकमेची असू द्या, रकमेचा रकाना कोरा ठेवला तरी चालतं.