आकडा नको, कारण सांगा!

सुडोकूत अडकलेल्या माणसाला नुसता आकडा सांगून निघून जाणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. बोलून टाकलं एकदाचं. किती दिवस घशाशी आलेलं होतं.

आमचा एक सुडोकूचा ग्रुप आहे. (सुडोकू म्हणजे नऊ बाय नऊ घरांची चौकट; प्रत्येक ओळीत, रकान्यात आणि तीन बाय तीनच्या बॉक्सात १ ते ९ एकेकदाच यायला हवेत.) जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, पार शहादा-नंदुरबारपर्यंतची माणसं. बँकेतले, रेल्वेतले, निवृत्त गुरुजी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, आणि माझ्यासारख्या दुपारी दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या बाया. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकला की बारा ते पाच बाहेर तोंड काढायची सोय नाही. वर गच्चीवर बिबडे वाळताहेत, खाली कूलर घरघरतोय, हातात कागद, पेन्सिल, खोडरबर. सासूबाई जाता-येता विचारतात, "काय करी ऱ्हायनी व बाई?" त्यांचं ठीक आहे, त्यांना सुडोकू येत नाही आणि येतो असं त्या म्हणतही नाहीत.

ग्रुपचा नियम एकच: लॉजिकने सोडवायचं. वर ठळक लिहून ठेवलंय. पाळतंय कोण?

परवाचंच घ्या. अवघड कोडं होतं. सरळ दिसणारे आकडे भरून झाले, रिकाम्या घरांत बारीक अक्षरात शक्यता मांडून झाल्या, जोड्या काढून झाल्या. आणि अडलं. मग नीट उजेडात फोटो काढला, टाकला आणि विचारलं, "पुढची पायरी कोणती आणि का?" 'आणि का' मुद्दाम लिहिलं होतं हो.

पहिले धावले नाना. "मधल्या बॉक्सात मधोमध ४." बस. का? "येतोच तो ताई, बघा भरून." त्यांच्यामागून एक साहेब आले. त्यांनी आख्खी चौकट भरून टाकली, ८१ घरं, सगळी सुबक छापील अक्षरात. सॉल्व्हरला, म्हणजे आपोआप कोडं सोडवून देणाऱ्या प्रोग्रॅमला घातलं, बटण दाबलं, स्क्रीनशॉट काढला, आणि वर लिहिलं, "सोपं होतं." अरे भो, सोपं तुला होतं की त्या मशीनला? तिसऱ्याने नुसते हात जोडले, कशाला ते देव जाणे. चौथा म्हणतो, "ताई, तिथं ४ नाहीतर ७, दोनच तर आहेत. एक ठेवून बघा, फसलं तर खोडा. एवढं डोकं कशाला शिणवता?"

डोकं शिणवायलाच बसलेय ना मी! नसतं शिणवायचं तर त्या वेळात वर्षाचं तिखट करून ठेवलं असतं. आणि हे 'एवढं डोकं' मलाच बरं ऐकवतात. त्याच ग्रुपात भुसावळचे भाऊ अडकले की त्यांना कोणी असलं काही सुचवत नाही.

कपाशीच्या काड्यांवर वांगं कसं भाजायचं ते विचारावं आणि समोरच्याने भरिताचं ताट पुढ्यात ठेवून चालतं व्हावं, तसला हा प्रकार. बरं, ताट तरी पोटात जातं. भरलेली चौकट घेऊन मी काय करू? उद्याच्या कोड्यात पुन्हा तिथेच अडणार.

आता त्या 'ठेवून बघा'वाल्यांचं ऐका. समजा ४ ठेवला आणि चौकट भरली. काय सिद्ध झालं? एक उत्तर सापडलं, एवढंच. ७ ठेवूनही भरली असती का, हे कुठं ठाऊक आहे तुम्हाला? तुम्ही बघितलंच नाही! ७ ठेवला, पुढे जाऊन एकाच ओळीत दोन ९ आले, म्हणून ७ बाद, असं कोणी म्हटलं तर माझी ना नाही. तो तर्कच आहे. पण मग तो दाखवा. ७ पासून निघून कुठल्या घरातून कुठल्या घरात गेलात ते लिहा, मी मागोमाग येते. (इथे एखादा शहाणा म्हणणार, तुमच्या त्या 'हे इथे आलं तर ते तिथे'च्या लांबच लांब चेन म्हणजे तरी काय, नटवलेला अंदाजच ना. असेल. पण माझी चेन कागदावर असते, दुसरा कोणीही ती घर-घर तपासू शकतो. तुमच्या खोडरबराच्या चुऱ्यात मी काय तपासू?)

शेवटी रात्री अकराला शिरपूरच्या एका पोराचा मेसेज आला. "ताई, फक्त ४ बघा. दुसऱ्या ओळीत ४ ला दोनच जागा आहेत, तिसरा रकाना आणि आठवा. सातव्या ओळीतही त्याच दोन." एवढं लिहून गडी थांबला. आकडा सांगितला नाही, उत्तर सांगितलं नाही. मी चष्मा शोधला, कागद ओढला.

दुसऱ्या ओळीतला ४ तिसऱ्या रकान्यात गेला तर सातव्या ओळीतल्याला आठव्यात जावंच लागतं. पहिला आठव्यात गेला तर दुसरा तिसऱ्यात. दोन्हींतलं काहीही होवो, तिसऱ्या आणि आठव्या रकान्याचे ४ त्या चार घरांतच संपतात. मग त्या दोन रकान्यांत बाकी जिथं जिथं मी बारीक ४ मांडला होता, तिथून तो खोडायचा. खोडला. आणि पाचव्या ओळीकडे पाहिलं तर काय, तिथं ४ ला तीन घरं होती, तिसरं, पाचवं आणि आठवं. तिसरं गेलं, आठवं गेलं. उरलं पाचवं. मधल्या बॉक्सात, मधोमध, ४! याला एक्स-विंग म्हणतात. तो एकदा डोळ्याला दिसायला लागला की पुढच्या कोड्यात आपोआप दिसतो, आणि हे सुख त्या छापील स्क्रीनशॉटवाल्याच्या सात पिढ्यांना कळायचं नाही.

सकाळी सूर्यफुलाच्या गुड मॉर्निंगसोबत नाना हजर. "मी तेच म्हटलं होतं ना ताई, ४!"

काय बोलायचं?

हेच लोक मग 'सुडोकू ही जपान्यांची हजारो वर्षांची विद्या' असले फॉरवर्ड पाठवतात. कसली हजारो वर्षं! हॉवर्ड गार्न्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने रचलेलं कोडं १९७९ मध्ये डेल या अमेरिकन प्रकाशकाच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' म्हणून छापून आलं. १९८४ मध्ये निकोली या जपानी कोडी-प्रकाशकाने ते जपानात नेलं. मग हाँगकाँगला न्यायाधीश असलेल्या वेन गूल्डने निवृत्तीनंतर कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि २००४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या 'टाइम्स'ने ती छापायला घेतली. निकोलीची कोडी मात्र माणसं हाताने रचतात. आधी इथे अडवायचं, मग तिथून सोडवायचं, अशी वाट कोणीतरी बसून आखलेली असते. ती वाट न चालता थेट शेवटच्या घरात उडी मारायची आणि वर 'सोपं होतं' म्हणायचं! अरे, त्या रचणाऱ्याचा तरी मान ठेवा.

अ‍ॅपवाल्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. 'महातज्ज्ञ' लेव्हल म्हणून उघडावं तर चहा निवायच्या आत सुटतं. आणि चुकून खरंच अवघड निघालं, हिंट मागितली, तर आधी जाहिरात बघा, मग ते मुकाट्याने एक आकडा भरून देतं. म्हणजे तिथेही नानाच बसलेले.

पण कळस झाला तो काल. एक चौकट फिरत आली, 'फक्त २ टक्के लोक सोडवू शकतात' म्हणून. मला पाहताक्षणी ती उघडी-बोडकी वाटली, म्हणून दिलेले आकडे मोजले. सोळा. आता, सोळा आकड्यांत एकच उत्तर असलेलं सुडोकू होऊच शकत नाही. निदान सतरा लागतात. २०१२ मध्ये डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलंय. नुसत्या ओळी-रकान्यांच्या अदलाबदलीने वगैरे होणाऱ्या त्याच त्या चौकटी वगळल्या तर भरलेल्या चौकटी उरतात ५,४७,२७,३०,५३८. त्यांनी संगणक लावून त्या सगळ्या तपासल्या आणि सोळाचं एकही चालणारं कोडं निघालं नाही. आणि सतरा असले म्हणजे कोडं अवघड असतं असंही नाही बरं का. सतरावाली कितीतरी कोडी निव्वळ सरळ आकडे भरत सुटतात, आणि एकवीसवाली माणसाला रडवतात. फिनलंडच्या आर्तो इंकालाचं जे 'जगातलं सर्वांत कठीण' म्हणून फिरत असतं, वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ असलेलं, त्यात एकवीस आहेत.

तर मी ग्रुपवर सभ्यपणे लिहिलं. मंडळी, यात सोळाच आकडे आहेत, याला एकतर उत्तरच नसणार, नाहीतर एकाहून जास्त असणार, यावर वेळ घालवू नका.

दहा मिनिटांत नाना: "माझं तर सुटलं, ताई."

पाठोपाठ साहेब, छापील अक्षरात: "माझंही. सोपं होतं."

मी दोन्ही चौकटी शेजारी-शेजारी ठेवल्या. पहिल्या ओळीतच दोघांचे आकडे वेगळे. आणि खाली दोघांनाही अंगठे, टाळ्या, 'वा नाना', 'ग्रेट सर'. शिरपूरच्या पोराने तेवढं मला वेगळं लिहिलं, "ताई, दोघांना एकमेकांचं तपासायला सांगू का?"

म्हटलं, सांग भो. आत्ताच सांग.