आणखी लेन नकोत, बस द्या

आज सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडचा व्हिडिओ फिरतोय. सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेतला, बघा कसा ऐसपैस झाला, म्हणून टाळ्यांचे इमोजी. मी संध्याकाळी तिथेच, मानपाड्याला बसची वाट बघत उभी होते. पेव्हर ब्लॉक उखडून ढीग घातलेला, फुटपाथ गायब, बायका पोरांचा हात घट्ट धरून बॅरिकेडच्या फटीतून थेट गाड्यांपुढे उतरत होत्या. टाळ्या कशाला वाजवताय?

माझ्या दादाचंच सांगते. टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन, पुढे लोकलने विक्रोळी, हे त्याचं वर्षानुवर्षं चालू होतं. २०२३ मध्ये कोपरीचा पूल रुंद झाला, मुलुंडकडे जाताना होणारी रखडपट्टी कमी झाली, आणि दादाने हप्त्यावर गाडी घेतली. ऑफिसातल्या आणखी दोघांनीही घेतली. आता तोच दादा माजिवड्याला अडकला की फोन करतो, जेवायला थांबू नका.

दादाचं काय चुकलं? रस्ता मोकळा दिसला की माणूस लोकलचे धक्के सोडून गाडी काढणारच. गर्दी टाळून उशिरा निघणारेही ऐन वेळेला निघणार. बिल्डर ‘हायवे टच’चे फलक लावून ओवळ्यापर्यंत टॉवर उभे करणार, आणि त्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या येणार याच रस्त्यावर. ही गर्दी रुंद रस्त्यानेच बोलावून आणलेली आहे! अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला, काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून २६ लेन. काही वर्षांतच पुन्हा कोंडी. आपण किती लेनपर्यंत जाणार आहोत?

कोपरीचा जुना पूल अरुंद होता, तो रुंद करायलाच हवा होता. रुग्णवाहिकेलाही वाट लागते. मान्य. पण कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, एवढे उड्डाणपूल होऊनही घोडबंदर कोंडीतून सुटला का?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ग्रुपवर टाळ्या देणारेही दमूनच घरी येतात, त्यांना सुटका हवी आहे. मलाही हवी आहे. म्हणून मागणं एकच: रुंद केलेल्या रस्त्यातली एक लेन फक्त बससाठी ठेवा, आणि फुटपाथ परत द्या. दादा आजही म्हणतो, बस वेळेवर येणार असेल तर गाडी सोसायटीतच ठेवेन. नगरसेवकांना पत्र लिहितेय, सह्या करायला कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा.